एकचूल वस्तीवरचं सातवं पान

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. या सदरात लोक जे अनुभव लिहून पाठवतात ते मी नेमानं वाचते, आणि खरं सांगायचं तर हातात पेन्सिल घेऊनच वाचते. अमक्याला चकवा लागला, तमक्याला कोणी हाक मारली... बहुतेक ठिकाणी मला त्यातली चूक सापडते. अंधार होता, माणूस थकलेला होता, किंवा गोष्ट तीन तोंडांतून फिरून आली होती. माझ्या घरात कधी कुणाचा उतारा टाकला गेला नाही, की कुणाच्या दंडाला दोरा बांधला गेला नाही.

पण एक दुपार अशी आहे की तिच्यातली चूक मला आजवर सापडलेली नाही. मी स्वतः तिथं होते, लख्ख ऊन होतं, आणि मी पूर्ण शुद्धीवर होते. म्हणून लिहिते आहे.

आधी जागा सांगते. सेनगावहून कनेरगाव नाक्याकडं सरळ रेघ ओढली, तर मधे एक उजाड माळ लागतो. मुरूम, काळा दगड, कुठंमुठं हिवराचं झुडूप. गवतसुद्धा धड उगवत नाही. तेव्हा आमचा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पैनगंगा ओलांडली की पलीकडं वऱ्हाड — तिथं इंग्रजांचं राज्य. नाका हा खरोखरीचा नाका होता.

या माळावर १९३३-३४च्या सुमाराला काही माणसांनी एक वस्ती वसवली. वसवणारा गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. तिकडची नोकरी सोडून आला होता. त्याला सगळे फिटरकाका म्हणत. एका जमीनदारानं ‘कशाच्याच कामाची नाही’ म्हणून तो माळ त्याला देऊन टाकला. फिटरकाकांचं म्हणणं साधं होतं. माणसं भांडतात ती चुली वेगळ्या असतात म्हणून. तेव्हा चूल एकच ठेवायची. मराठा, महार, मोमीन, तांड्यावरचे लमाण — जो येईल त्यानं एकाच स्वयंपाकघरात रांधायचं आणि एकाच पंगतीत जेवायचं. घरांना कडी-कुलूप नाही. आडनावानं कुणाला हाक मारायची नाही. पुरुषांनीही पाळीपाळीनं भाकरी थापायच्या. आसपासच्या गावांना याचं फार हसू यायचं. ते आम्हाला ‘एकचुल्ये’ म्हणत, आणि मग वस्तीचं नावच पडलं — एकचूल.

आम्ही म्हणजे मी, आई, माझे वडील आबा आणि नंतर झालेली माझी धाकटी बहीण विमल. मी सहा वर्षांची असताना आबांनी घरदार सोडून तिथं जायचं ठरवलं. आबा मनानं तापट, पण एखादी गोष्ट पटली की जीव ओतणारे. अर्धवर्तुळात बांधलेली घरं, मधे लांबच लांब स्वयंपाकघर, त्याच्यामागं विहीर आणि विहिरीवर फिटरकाकांनी स्वतः जोडलेली पत्र्याच्या पात्यांची पवनचक्की... वाऱ्यावर ती फिरायची आणि पाणी आपोआप वर यायचं. तशी चीज आमच्या भागात दुसरी नव्हती. लोक बैलगाड्या जोडून बघायला यायचे.

वस्तीवर जेवणाआधी मोजणी व्हायची. ती करायची झमकीयाडी. याडी म्हणजे लमाणांच्या बोलीत आई. ही म्हातारी तांड्यावरून आलेली, लिहिणं-वाचणं काही नाही. प्रत्येक माणसामागं एक खडा, तान्ह्या लेकराचाही. पंगत बसली की ती रांगेतून फिरत मोठ्यानं मोजायची — ‘एक, दी, तीन, च्यार...’ एक खडा जरी हातात उरला तरी कुणी घास घ्यायचा नाही. ज्याचा खडा असेल त्याला शोधून आणायचं, मग जेवायचं. आम्हा पोरांचा भुकेनं जीव जायचा, पण याडीपुढं कुणाचं चालत नसे.

तीन-चार वर्षं चांगली गेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे म्हणायला लागले की हे चालणारच नव्हतं. चाललं होतं. मग दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरीत काळा पाषाण लागला, पवनचक्की नुसतीच फिरायला लागली. पाणी कोसावरून डोक्यावर आणायचं, आणि मग कुणाला किती यावरून कुरबुरी. आबा म्हणाले, माणशी वाटून द्या, ज्यानं त्यानं आपलं सांभाळावं. फिटरकाका म्हणाले, पाणी एकाच रांजणात राहील. एका दुपारी पंगत बसायच्या वेळी आबा विहिरीपाशी सगळ्यांसमोर म्हणाले,

“तुमची एक चूल तुमच्यापाशीच ठेवा.”

आणि तसेच चालत निघून गेले. त्या दिवशी झमकीयाडीच्या हातात खडा उरला. तिनं बाकीच्यांना जेवायला लावलं, पण स्वतः पाणीसुद्धा घेतलं नाही. आठ दिवसांनी आबा गाडी घेऊन आम्हाला न्यायला आले. आम्ही गाडीत बसलो तेव्हा याडी चाकापाशी येऊन उभी राहिली. रागावलेली वगैरे नव्हती. आबांना म्हणाली, “इठ्ठल, तुझं पान राहिलं रे.”

आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. बैल हाकले.

त्याच उन्हाळ्यात याडी तापानं गेली. पाऊस यायच्या आत उरलेली माणसं पांगली. पवनचक्की खोलून कुणीतरी नदीपलीकडं मळ्यात नेली. फिटरकाका हत्यारांची पेटी घेऊन कुठं गेले ते कुणालाच कळलं नाही. आबांनी त्यानंतर एकचूल हा शब्द घरात उच्चारू दिला नाही.

आता १९४८. मे महिना. मी एकवीस वर्षांची, माझी मुलगी मंगल दोन वर्षांची. माझे यजमान वाशीमला मास्तर होते आणि मी बाळाला घेऊन माहेरी, सेनगावजवळच्या आमच्या खेड्यात अडकले होते. पलीकडं देश स्वतंत्र झालेला, आमच्याकडं निजामाचंच राज्य. हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, गावं लुटली जात होती, आणि लोक मिळेल त्या वाटेनं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात होते. आमच्या शेजारचं गाव जळालं तेव्हा आबांनीही निघायचं ठरवलं.

सगळे एकदम निघालो तर संशय येईल, म्हणून दोन वाटा केल्या. आबा बैलजोडी घेऊन बाजाराला निघाल्यासारखे हिंगोलीवरून सडकेनं येणार. आम्ही बायका माळावरून जाणार. आम्हाला नेणार होते महबूबचाचा. हे सुतार. एकचुलीवर सहा वर्षं आमच्या शेजारच्या घरात राहिलेले. वस्ती मोडल्यावर आमच्याच गावात येऊन राहिले होते. माळाचा दगडन्‌ दगड त्यांना ठाऊक. त्या दिवसांत एका मुसलमानानं हिंदूंच्या बायका सीमेपार पोचवणं म्हणजे दोन्ही बाजूंनी जिवावरचं काम होतं. आबांनी विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “वैनीला मी नेतो. तुमी तुमचं बघा.”

निघताना आबांनी त्यांना एक गोष्ट बजावली होती. वस्तीवर थांबू नका.

तांबडं फुटताना आम्ही निघालो. मी, मंगल, आई, विमल, माझी आत्या आणि चाचा. सहाजण. आत्या आबांची थोरली बहीण. विधवा झाल्यावर आमच्याकडं आलेली. वस्ती मोडल्यावर आली, त्यामुळं तिनं एकचूल कधी पाहिलेली नव्हती. हे लक्षात ठेवा.

दुपारपर्यंत आम्ही माळाच्या मध्यावर आलो. ऊन असं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मंगल मलूल झाली. सावलीला दुसरी जागाच नव्हती, म्हणून आबांनी नको म्हटलं होतं तरी चाचांनी आम्हाला वस्तीकडं वळवलं. घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या, त्याही कमरेइतक्या. स्वयंपाकघराचं छप्पर गेलं होतं, पण पश्चिमेची भिंत उभी होती आणि तिच्या पायथ्याशी हातभर सावली होती.

“पाव घंटा बसू,” चाचा म्हणाले. “मग नाल्यानं उतरून नदीवर. उशीर केला तर तकलीफ व्हईल.”

मी मंगलला कडेवर घेऊन सगळ्यात पुढं होते. दाराच्या जागेतून आत पाऊल टाकलं आणि थांबले.

जमिनीवर पानं मांडलेली होती. पळसाच्या पत्रावळ्या, एका सरळ ओळीत, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा. पानं हिरवीगार होती. मे महिन्यातल्या उन्हात पळसाचं पान तासाभरात कडक होतं, हे कुणालाही विचारा. आणि त्या माळावर कोसभर पळस नाही. मी खाली बघितलं. जमिनीवर बोटभर धूळ होती, आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मी मोजलं. सात.

चाचांनी माझ्या खांद्यावरून बघितलं. डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

“कोणी गुराखी असंल,” मी म्हणाले. “जेवायला मांडली आन्‌ आपल्याला बघून पळाला.” चूक सापडल्यासारखं मला वाटलं. पण पावलांचं काय, हे माझं मलाच सांगता येईना.

आम्ही भिंतीला टेकून बसलो. बोलायचं त्राण कुणालाच नव्हतं. आणि त्या शांततेत मला मोजणी ऐकू आली. अगदी जवळून नाही, स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाकडून येत असल्यासारखी. घाई नाही, ओरडणं नाही. रोजचं काम करत असल्यासारखा तो आवाज. मी ओळखला. पण मी स्वतःला म्हणाले, शांता, तू दमली आहेस, ही जागा तुझ्या लहानपणाची आहे, तुला आठवतंय. ऐकू येत नाहीये, आठवतंय.

तेवढ्यात आत्यानं डोळे उघडले.

“कोण मोजून राहिलं गं?” ती म्हणाली. “आन्‌ हे ‘दी’ म्हणजे काय?”

मी आजही त्या प्रश्नापाशी अडते. आत्याला लमाणांची बोली येत नव्हती. याडीचं नावही तिनं ऐकलं नव्हतं, कारण आमच्या घरात तो विषयच बंद होता. मला भास झाला असेल, पण माझा भास आत्याच्या कानात कसा जाईल?

आई उठली, पानांच्या ओळीपाशी गेली आणि पहिल्या पानावर जाऊन बसली.

“वैनी, निघायचं हाय,” चाचा म्हणाले.

“तुमाला न्हाई ऐकू आलं, महबूबभाऊ?”

“न्हाई,” ते म्हणाले. “पर पानं दिसून राहिली मला. सात हायेत.”

“मग सातवं यायचं हाय अजून. मोजणी पुरी झाल्याबगर मी उठत न्हाई.”

मी चिडले. आईशी त्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. लेकरू तापलंय, पाणी संपत आलंय, टोळ्या फिरताहेत, आणि तू पानांसाठी थांबतेस? आईनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “तुला जायचं तर जा, शांता. मी मागच्या बारीला गाडीत बसले, ते चुकलं.” नवऱ्यामागून गाडीत बसणं चुकलं, असं माझी आई बोलेल हे मला कधी वाटलं नव्हतं. मंगलला मांडीवर घेऊन मी पुन्हा भिंतीला टेकले.

किती वेळ गेला ते सांगते. सावली हातभर होती, ती दोन हात झाली. म्हणजे तासाच्या वर. मग विमलनं चाचांची बाही ओढली. लांबून घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. चाचा भिंतीच्या खिंडारातून आडवे होऊन बघायला लागले. त्यांच्या पाठीवरूनच मला काय ते कळलं, मग मीही त्यांच्यामागून डोकावले. दहा-बारा स्वार, खांद्याला बंदुका, नाल्याच्या तळातून वर येत होते. ज्या नाल्यानं आम्ही उतरणार होतो त्याच नाल्यातून. पाव घंट्यानं निघालो असतो तर आम्ही नेमके तिथं असतो, आणि त्या नाल्याला दोन्हीकडं उभे कडे आहेत. मी मंगलच्या तोंडावर हात धरला. स्वार वर आले, माळ तिरपा कापून सेनगावच्या अंगाला निघून गेले. वस्तीकडं कुणी मान वळवली नाही.

धूळ बसली तेव्हा चाचा अजून तसेच पडून होते. मग हळूच म्हणाले, “एक माणूस येऊन राहिला.”

दक्षिणेकडून कोणीतरी येत होतं. चालत नव्हतं, पडत-उठत होतं. जवळ आलं तेव्हा आई धावत गेली. आबा होते. पायात वहाण नाही, ओठ फुटलेले, डोळे लाल. हिंगोलीच्या वाटेवर त्यांना अडवून बैल काढून घेतले होते. जीव वाचवून ते सकाळीच शेतातून पळाले आणि माळावर चढले. ज्या माळावर ते सहा वर्षं राहिले, तिथं त्यांना दिशा कळेना. उन्हानं भोवळ येऊन एका बाभळीखाली पडले. पुढचं त्यांनी छागळीतलं उरलेलं पाणी प्यायल्यावर, घोट-घोट थांबून सांगितलं.

“मला वाटलं, आता काही उठत न्हाई. मग धूर दिसला. सयपाकघराचा. आन्‌ त्याच्यामागं चक्की फिरून राहिली होती. तिच्याकडं बघत बघत आलो.” मग आईकडं वळून म्हणाले, “चूल काहून पेटवली? कोणी बघितलं असतं तर?”

कुणी चूल पेटवलेली नव्हती. चुलीच्या जागी दगडसुद्धा उरले नव्हते. पवनचक्की जाऊन नऊ वर्षं झाली होती. आबांनी विहिरीकडं बघितलं, तिथं मोकळं आभाळ होतं. मग त्यांची नजर पानांवर गेली.

आई म्हणाली, “बसा.”

ते सातव्या पानावर बसले. आईनं फडक्यातल्या भाकरी सोडून सगळ्यांना वाढल्या, मिरचीचा ठेचा ठेवला. चाचांना, आत्याला, विमलला, मला, मंगलच्या पानावरही एक चतकोर. आबांनी पहिला घास उचलला आणि तसाच धरून ते रडायला लागले. मी माझ्या वडिलांना तेवढंच एकदा रडताना पाहिलं. कुणी त्यांना गप्प केलं नाही. मग ते जेवले, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

उन्हं कलल्यावर आम्ही नाल्यातून उतरलो. पैनगंगेला घोट्याइतकं पाणी होतं. दिवस मावळायच्या आत पलीकडं होतो. चाचा नदीच्या काठावरूनच परत फिरले, त्यांची बायकोपोरं गावात होती. मी एक पत्रावळ घडी करून पिशवीत ठेवली होती. वाशीमला यजमानांना दाखवायला काढली तर तिचा चुरा झाला होता, कुठल्याही पानाचा होतो तसा.

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. आबांना ऊन लागलं होतं, असं ते म्हणाले. मला मान्य आहे. तुम्हाला जागेची आठवण झाली, असंही म्हणाले. तेही मान्य. पानं कुणा वाटसरूनं मांडली असतील... बरं, धरून चालू. पण आत्यानं ‘दी’ म्हणजे काय असं का विचारलं, यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. ते फार प्रामाणिक गृहस्थ होते.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि वारं उलटं फिरलं. आता आमच्या भागातल्या मुसलमानांची घरं भीतीखाली आली. महबूबचाचांच्या गल्लीतली दोन घरं पेटवल्याची खबर वाशीमला पोचली, त्या दिवशी आबा जेवत होते. हात धुतले, काठी घेतली आणि निघाले. मी म्हणाले, एकटे जाऊ नका. ते म्हणाले, “तू चल मग.” मी गेले.

आम्ही गावात शिरलो तेव्हा चाचांच्या दारात माणसं जमली होती. आबा त्यांच्यातून वाट काढत सरळ उंबऱ्यावर जाऊन बसले. कुणाशी भांडले नाहीत. जमलेल्या एकेकाला नावानं हाक मारून त्याच्या घरची खुशाली विचारत राहिले. दिवस उतरेपर्यंत दार मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा, चाची आणि त्यांची तीन मुलं आमच्याबरोबर निघाली. पुढचे सात महिने ती वाशीमला आमच्या दोन खोल्यांत राहिली. परिस्थिती निवळल्यावर चाचांनी नाक्यावर सुतारकामाचं दुकान टाकलं, आणि ते अखेरपर्यंत चाललं.

येताना आम्ही माळावरूनच आलो. पाऊस होऊन गेला होता, भिंतींवर शेवाळ धरलं होतं, स्वयंपाकघरात गुडघाभर गवत. आबा तिथं बराच वेळ उभे राहिले. मीही कान देऊन उभी राहिले. या वेळी मी नीट तयारीत होते, थकलेली नव्हते, भुकेली नव्हते. काही ऐकू आलं नाही. काही दिसलं नाही. चाचांच्या धाकट्या मुलीला तहान लागली, म्हणून आम्ही पुढं निघालो.

त्यानंतर मी त्या माळावर चार वेळा जाऊन आले, प्रत्येक वेळी भरदुपारी. तिथं दगड आहेत, वारा आहे. मे महिन्यातल्या त्या दिवशी तिथं काय होतं, ते मला सांगता येत नाही.